लाल देवळाचा मनोरा

आपल्या जामनेर तालुक्यातून पेशंट घेऊन पुण्याच्या ससून रुग्णालयात गेलेले तुमच्यापैकी बरेच जण असतील. तिथून कॅम्प भागात गेलात, की विटांचा एक लाल, चौकोनी मनोरा दिसतो. सुमारे 90 फूट उंच, अंगावर घड्याळ, डोक्यावर निमुळतं शिखर. नवख्या माणसाला ते चर्चच वाटतं. पण हे ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ, ओहेल डेव्हिड सिनेगॉग. पुणेकरांच्या तोंडी मात्र लाल देऊळ.

रुग्णालयाला ज्यांचं नाव आहे, तेच डेव्हिड ससून या देवळाचे कर्ते. दोन्ही इमारतींचा आराखडाही हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या एकाच लष्करी इंजिनिअरचा. ससून मूळचे बगदादचे, 1832च्या सुमारास मुंबईत आले. देवळाचं काम 1863मध्ये सुरू झालं, 1867मध्ये संपलं. ससून मात्र 1864मध्येच पुण्यात वारले. त्यांची कबर देवळाच्या आवारातच आहे.

मग हे चर्चसारखं का दिसतं? तेव्हा इंग्रजांत चर्चसाठी वापरल्या जाणाऱ्या गॉथिक बांधणीची चलती होती. तिची खूण म्हणजे टोकदार कमान. अर्धगोल कमान वरच्या भारानं बाजूच्या भिंतींना बाहेर रेटते. टोकदार कमानीत हा रेटा कमी, भार बराचसा सरळ खाली उतरतो. म्हणून खिडक्या उंचच उंच काढता येतात. पुण्याच्या काळ्या दगडी इमारतींत ही लाल वीट उठून दिसते, ते वेगळंच.

आणि एवढा पैसा आला कुठून? आधी चीनला जाणाऱ्या अफूतून. देणगीच्या पाटीवर हे कुणी कोरत नसतं. मग कापसातूनही. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि मुंबईत भाव कडाडले. खानदेशात आगगाडी नुकतीच पोचत होती. आपली पाचोरा-जामनेर गाडी मात्र 1919ची, त्यामुळे इकडचा कापूस बैलगाड्यांतूनच जायचा. त्या तेजीत ज्या मुंबईकर पेढ्या गब्बर झाल्या, त्यांत ससूनचीही होती.

आज इथे प्रार्थनेला येणाऱ्यांत घरी मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू बरेच आहेत. दारावर पहारा असतो. आत जायचं असेल तर आधी परवानगी काढा, ओळखपत्र जवळ ठेवा. मनोरा मात्र रस्त्यावरूनही नीट बघता येतो.