बोलतो कोण, गप्प कोण?

(पेण व रोहा तालुक्यांतील कार्यकर्त्या मैत्रिणींच्या पेण येथील शिबिरात केलेले भाषण)



आपल्या शिबिरात इंग्रजी कविता कशाला, असे तुम्हाला वाटेल. कारण सांगते. रोह्यातल्या एका प्रकरणात मी नवरा-बायको दोघांचे म्हणणे लिहून घेतले. घरी येऊन वही उघडली, तर त्याचे म्हणणे तीन पाने आणि तिचे चार ओळी! तो छान बोलत होता, मी लिहीत गेले. चूक माझी होती. तेव्हा मला कॉलेजात वाचलेली रॉबर्ट ब्राउनिंगची ‘माय लास्ट डचेस’ आठवली.

ही कविता १८४२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात बोलणारा एकटाच आहे, इटलीतल्या फेराराचा ड्यूक. समोर आहे त्याच्या नव्या लग्नाची बोलणी करायला आलेला माणूस. त्याचा एकही शब्द आपल्याला ऐकू येत नाही. ड्यूक त्याला आधीच्या बायकोचे चित्र दाखवतो. चित्रावर पडदा आहे, तो फक्त ड्यूकनेच सारायचा. तिचा गुन्हा काय? ती सगळ्यांकडे बघून सारखीच हसायची. त्याच्या नऊशे वर्षांच्या घराण्याचे तिला वेगळे अप्रूप नव्हते. बोलता बोलता एका छोट्या वाक्यात तो तिच्या शेवटाची कबुली देऊन जातो, आणि लगेच हुंड्याच्या गोष्टीवर येतो.

कवितेत दर दोन ओळींना यमक आहे. पण वाक्य ओळीपाशी थांबत नाही, पुढच्या ओळीत वाहत जाते. त्यामुळे यमक कळतही नाही, साध्या गप्पा वाटतात. त्या ओघात बाईचा जीव गेल्याचेही आपण सहज ऐकून घेतो. कवी ड्यूकला कुठेच वाईट म्हणत नाही, त्याच्याच तोंडून त्याला उघडा पाडतो.

गोष्ट जुन्या इटलीची असली तरी वाचक इंग्लंडचे होते. तिथेही तेव्हा लग्नानंतर बाईची बहुतेक मिळकत नवऱ्याच्या ताब्यात जाई. ते बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले.

त्याच व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात आपल्या रखमाबाईंना १८८७ मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितले, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. त्याआधी १८८५ मध्ये त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहाविरुद्ध पत्रे लिहिली होती, पण ‘एक हिंदू स्त्री’ अशा टोपणनावाने. पडदा बाईने स्वतः सारला, तरी नाव झाकावे लागले.

आज कायदे आहेत. १९८३ चे ४९८-अ आणि १९८६ चे हुंडाबळीचे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८० या क्रमांकांनी आले आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदाही आहे. पण आपल्या कागदावर तिचे शब्दच नसतील, तर हे कायदे तिच्या कामी कसे यावेत?

म्हणून एवढे करू या. आधी तिचे ऐकायचे, एकटीचे, आणि तिच्याच शब्दांत लिहायचे. तो म्हणाला, ‘ती सगळ्यांशी हसते,’ तर विचारायचे, ‘मग तुम्ही काय केलेत?’ तो गोड बोलू लागला की पेन खाली ठेवायचे आणि तो काय गाळतो आहे तिकडे कान द्यायचा.

रोह्याच्या त्या बाईकडे मी पुन्हा गेले. बराच वेळ ती गप्प बसली. मग बोलू लागली.