रविवारचं कॉलेज



आम्ही फैजपूरच्या एका बचत गटातल्या पाच जणी. कुणी शिलाईकाम करते, कुणी दुकानात असते, कुणी केळीच्या मळ्यात मजुरीला जाते. आमच्या गावात १९६१ पासून धनाजी नाना महाविद्यालय आहे. आमच्या धाकट्या जावा, नणंदा तिथं शिकल्या. आपलं मात्र लग्न झालं, कॉलेजचं वय गेलं, असं आम्ही धरून चाललो होतो.

ते वय जात नाही, हेच आज सांगायचंय.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झालं. काम सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच ते आहे. रोज हजेरी नाही. मराठीतली पुस्तकं मिळतात, ती घरी वाचायची. मार्गदर्शनाचे तास अभ्यासकेंद्रावर, बहुतेक सुट्टीच्या दिवशी. गृहपाठ लिहून द्यायचा, शेवटी परीक्षा. दहावी-बारावी राहिली असेल, तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बोर्डाची परीक्षा बाहेरून देता येते. फी भरण्याआधी केंद्र विद्यापीठाचंच आहे ना, याची खात्री करा आणि पावती जपून ठेवा.

फॉर्म भरणं सोपं होतं. अवघड होती संध्याकाळ.

दिवसभर काम, मग स्वयंपाक, भांडी, मुलांचा अभ्यास. पुस्तक उघडायचं तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले आणि डोळे मिटत आलेले. पहिल्या वर्षी परीक्षा नेमकी लग्नसराईत आली. आमच्यातल्या एकीच्या घरी पाहुणे उतरले आणि तिचा पेपर बुडाला. घरात कुणी 'जाऊ नको' म्हटलं नव्हतं. पण 'तू जा, आम्ही बघतो' असंही कुणी म्हटलं नाही. तिलाही मागायचा धीर झाला नाही.

त्या दिवशी कळलं, फीइतकीच वेळेचीही तजवीज करावी लागते. मग आम्ही घरी स्पष्ट बोललो. आठवड्यातून तीन संध्याकाळी सात ते नऊ आम्ही एकीच्या ओट्यावर बसणार. एक मोठ्यानं वाचणार, बाकीच्या ऐकणार, मग एकमेकींना प्रश्न विचारणार. परीक्षेचं वेळापत्रक चुलीजवळच्या भिंतीवर चिकटवलं, म्हणजे सगळ्यांच्या नजरेस पडेल. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "त्या दिवशीच्या भाकरी मी टाकते." त्या एका वाक्यानं आमचं निम्मं ओझं उतरलं.

राहिलेला पेपर तिनं पुढच्या वेळी दिला आणि सुटला. आज आमच्यातल्या तिघी पदवीधर आहेत, एक शेवटच्या वर्षाला आहे. पाचवीला सासऱ्यांच्या आजारपणात थांबावं लागलं. तिची पुस्तकं आम्ही जपून ठेवली आहेत.

आपल्या जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी उतरवून घेतली म्हणून राहिली. किती बायांच्या मनातलं तसंच विरून गेलं असेल!

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की एक प्रश्न विचारा: आपल्यातल्या कुणाकुणाचं शिक्षण अर्धवट राहिलंय? हात वर आले, की तिच्या संध्याकाळच्या भाकरी कोण टाकणार, तेही तिथंच ठरवा.