एका अंगणातले तीन झेंडे
(विहाराच्या वर्धापन दिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी गिरणीतला माणूस. शाळा फार झाली नाही. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून. समितीने मला झेंड्यांविषयी बोलायला सांगितले, कारण आपल्या अंगणात वर्षातून चार-पाच वेळा तिरंगा, पंचशील ध्वज आणि निळा ध्वज एकत्र लागतात. आणि खांब आहे एकच! मग कोणता वर, कोणता खाली, यावरून दरवेळी शब्दाला शब्द वाढतो.

परवा एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "काका, आपल्याच विहारात आपला झेंडा खाली का?" पोराचा प्रश्न मनापासूनचा आहे. त्याला दटावून भागणार नाही, उत्तर दिले पाहिजे.

बंधूंनो, तिरंगा आपल्याला परका नाही. जून १९४७ मध्ये राष्ट्रध्वज ठरवण्यासाठी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या समितीत बाबासाहेब सदस्य होते. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने हा ध्वज स्वीकारला. त्यावरचे चोवीस आऱ्यांचे चक्र सारनाथच्या अशोकस्तंभावरून घेतले आहे. तथागतांनी पहिला उपदेश केला ते हेच सारनाथ. म्हणजे आपले धम्मचक्र तिरंग्याच्या मधोमध बसलेले आहे. मग तिरंगा वर गेला तर आपले काय खाली आले?

पंचशील ध्वज १८८५ साली वैशाख पौर्णिमेला श्रीलंकेत प्रथम फडकला. तो जगातल्या सगळ्या बौद्धांचा, कोण्या एका देशाचा नाही. निळा ध्वज आपल्या चळवळीचा. तिरंगा राष्ट्राचा आणि संविधानाचा. तिघांची कामे वेगळी. त्यांच्यात चढाओढ लावायची नसते.

आता नियम बघू. भारतीय ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून लागू आहे. तेव्हापासून सामान्य माणसाला वर्षातल्या कोणत्याही दिवशी तिरंगा लावता येतो. २००४ साली सर्वोच्च न्यायालयानेही सन्मानाने ध्वज फडकवणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क मानला. पण हक्काबरोबर जबाबदारी येते. १९७१ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रध्वजाचा अवमान केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. उद्या आपल्या पोरांवर अजाणता असा ठपका यायला नको. म्हणून एवढे ध्यानात ठेवा.

एक, तिरंग्याच्या खांबावर दुसरा झेंडा बांधू नका. प्रत्येक झेंड्याला आपला खांब हवा.

दोन, तिरंग्यापेक्षा उंच काही नको. तो इतर झेंड्यांच्या मध्ये असावा, किंवा समोरून बघणाऱ्याच्या सर्वात डाव्या हाताला, किंवा निदान ध्वजाच्या रुंदीइतका इतरांपेक्षा वर. तिरंग्याचा खांब बाकीच्या खांबांच्या पुढे असावा.

तीन, खांबाच्या टोकावर हार, फुले किंवा दुसरे चिन्ह लावायचे नाही. १४ एप्रिलला पताकांच्या दोऱ्या त्याच खांबाला बांधतात, त्या शेजारच्या भिंतीला बांधा. फडकवण्यापूर्वी ध्वजात फुलांच्या पाकळ्या ठेवायला मात्र १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला मुभा आहे.

चार, मिरवणुकीत तिरंगा असेल तर तो सर्वांच्या पुढे. झेंडे एका ओळीत चालत असतील तर चालणाऱ्यांच्या उजव्या टोकाला.

पाच, ६ डिसेंबरला आपले मन भरून येते. पंचशील किंवा निळा ध्वज अर्ध्यावर आणायचा तर तो आपला निर्णय. तिरंगा मात्र सरकारी आदेशाशिवाय अर्ध्यावर आणता येत नाही.

सहा, ध्वज झपाट्याने चढवावा, सावकाश उतरवावा. पूर्वी तो सूर्यास्ताला उतरवावाच लागे. जुलै २०२२ पासून घरावर किंवा उघड्या जागेवर तो रात्रीही ठेवता येतो. जमिनीला मात्र लागू द्यायचा नाही.

कापडाबद्दल माझ्या धंद्यातले बोलतो. पूर्वी हातमागाची खादीच लागे. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावरचे आणि पॉलिएस्टरचे कापडही चालते. पण घेताना कड आणि शिवण बघा. हलक्या कापडाचा रंग उन्हात उडतो, वाऱ्याने टोक उसवते, आणि फाटका ध्वज लावणे हा नियमभंग आहे. जुना झाला की कचऱ्यात टाकू नका. एकांतात, सन्मानाने, शक्यतो जाळून पूर्ण नष्ट करावा. कागदी झेंडेही कार्यक्रम संपल्यावर लहान मुलांकडून गोळा करून घ्या.

शेवटी समितीला माझी विनंती. यंदा रोषणाई थोडी कमी करा आणि अंगणात आणखी दोन खांब रोवा. मधला उंच आणि एक पाऊल पुढे, दोन्ही बाजूंना पंचशील आणि निळा. खर्च दोन लोखंडी पाइपांचा आहे. गिरणीतली माझी दोस्तमंडळी खड्डे खणायला एका रविवारी येतील. आपण संविधानाचे नाव रोज घेतो, ते पाळून दाखवणारी वस्तीही आपलीच असावी.

 जय भीम! नमो बुद्धाय! जय भारत!