कल्याणची यमुना आणि स्वभावाचे शास्त्र

माणसाचा स्वभाव कोठून येतो, तो एकदा घडल्यावर पालटतो की जन्मभर तसाच राहतो, आणि एकाच घरात, एकाच अन्नावर वाढलेली दोन माणसे इतकी भिन्न का निपजतात, हे प्रश्न आपल्याकडे पूर्वी गीतेतील त्रिगुणांच्या, वैद्यांच्या वात-पित्त-कफाच्या किंवा ज्योतिषांच्या ग्रहांच्या आधारे सोडविले जात. आता ते व्यक्तिमत्त्वाच्या मानसशास्त्राकडे रुजू झाले आहेत. ठाण्यापासून डोंबिवली-कल्याणापर्यंत कोठेही व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांच्या जाहिराती दिसतात, त्या अर्थी या शास्त्राला आपल्या भागात गिऱ्हाईकही चांगले असले पाहिजे. परंतु त्याचे सिद्धांत समजावून सांगताना व्हिएन्नाचे रुग्ण आणि अमेरिकेतले विद्यार्थी यांचीच उदाहरणे देण्याचा जो प्रघात पडला आहे, तो मला अनाठायी वाटतो. कारण या सिद्धांतांची परीक्षा पाहील असे एक दांपत्य कल्याणातच होऊन गेले आहे.

कल्याणच्या गणपतराव जोशी यांची कन्या यमुना ३१ मार्च १८६५ रोजी जन्मली आणि नवव्या वर्षी टपालखात्यातील गोपाळराव जोशी या तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठ्या बिजवराशी तिचे लग्न लागले. सासरी तिचे नाव आनंदी झाले. स्त्रीशिक्षणाच्या वेडाने झपाटलेल्या या कारकुनाने पत्नीला शिकविण्याचा ध्यास घेतला, तिला आपल्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता असे फिरविले, आणि अठराव्या वर्षी तिला एकटीलाच अमेरिकेला रवाना केले. तेथे १८८६ साली पेनसिल्व्हानियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची एम.डी. ही पदवी तिने मिळविली. ही हकीकत आपणांस ठाऊक आहे. मला प्रश्न पडतो तो एवढाच की, या साऱ्या प्रकरणात जो असामान्य हट्ट दिसतो, तो नक्की कोणाचा?

स्वभावगुणांचा सिद्धांत या प्रश्नाचे उत्तर झटकन देतो. गॉर्डन ऑलपोर्ट या हार्वर्डच्या प्राध्यापकाने आपला सहकारी ऑडबर्ट याच्यासह १९३६ साली इंग्रजी शब्दकोश चाळून माणसांतील वेगळेपण दाखविणारे १७,९५३ शब्द काढले. पुढे कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने अशा शब्दांची चाळणी करून सोळा मूलगुण ठरविले, आणि आज बहुतेक संशोधक पाचांवर येऊन स्थिरावले आहेत: नव्या अनुभवाची ओढ, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि भावनिक अस्थैर्य. या मोजपट्टीवर गोपाळराव अचूक उतरतात. पत्नीच्या शिक्षणासाठी मिशनऱ्यांना साहाय्याची पत्रे लिहावीत, पण त्यांचा धर्म घेण्यास नकार द्यावा. पुढे अमेरिकेत जाऊन अमेरिकनांनाच त्यांचे दोष ऐकवावेत. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये थोरामोठ्यांना चहापानास नेऊन मग त्यांची नावे छापून आणण्याची व्यवस्था करावी आणि टिळक-रानड्यांसारख्यांना ग्रामण्यात, म्हणजे जातिबहिष्काराच्या वादात, गुंतवावे. काही काळ स्वतः ख्रिस्ती व्हावे आणि पुन्हा परतावे! ज्या मंडळीत बसावे त्या मंडळीला डिवचावे, हा त्यांचा बाणा मुलूख बदलला तरी बदलला नाही. नव्याची ओढ भरपूर आणि मनमिळाऊपणाच्या खात्यावर बाकी शून्य, असा त्यांचा हिशेब कोणताही परीक्षक मांडील.

पण सगळीच माणसे गोपाळरावांसारखी सोयीची नसतात. वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली असे दाखवून दिले की, स्वभावगुणाची चाचणी आणि एखाद्या प्रसंगातले प्रत्यक्ष वर्तन यांचा सहसंबंध बहुधा ०.३० च्या आसपासच घोटाळतो. डोंबिवलीच्या फलाटावर सकाळच्या फास्ट लोकलमध्ये खांद्याने वाट काढणारा गृहस्थ डब्यात शिरताच ओळखीच्या माणसासाठी चौथी सीट करून देतो आणि कचेरीत साहेबांपुढे मान वर करीत नाही. हा आक्रमक, उदार की भित्रा? मिशेलने आणि त्याचा सहकारी शोडा याने पुढे सुचविले की, माणसाचे सातत्य ‘तो असा आहे’ या विधानात शोधू नये, ते ‘असे घडले तर तो असा वागतो’ या त्याच्या ठरीव आकृतिबंधात शोधावे. लोकलच्या प्रवाशाला हे सांगावयास मानसशास्त्रज्ञ कशाला हवा, असे कोणी म्हणेल. परंतु ठाऊक असणे निराळे आणि मोजून दाखविणे निराळे.

आनंदीबाईंकडे वळलो की पंचाईत होते. त्या चौदा वर्षांच्या असताना त्यांना मुलगा झाला आणि योग्य उपचारांअभावी तो दहा दिवसांत गेला. मनोवैद्य आल्फ्रेड ॲडलर येथे म्हणेल की, उणिवेच्या जाणिवेतून भरपाईची धडपड उपजते आणि मूल वाचवू न शकलेली माता वैद्य होऊ पाहते. फ्रॉइडचा शिष्य याहून मागे जाईल, कल्याणच्या वाड्यात तिला आईकडून मिळालेल्या माराकडे बोट दाखवील आणि मारक्या पतीशी असलेल्या तिच्या नात्याचे मूळ तेथे आहे असे सांगेल. दोन्ही कथने ऐकण्यास गोड आहेत आणि बहुधा त्यांत तथ्यही आहे. परंतु त्या काळी ठाणे जिल्ह्यात अर्भक गमावलेल्या आणि मार खाल्लेल्या मुली घरोघर होत्या. जे कारण सर्वांना लागू पडते ते एकीच्या वेगळेपणाचा उलगडा कसा करणार? भूतकाळातून माणसाचा दाखला काढणाऱ्या सिद्धांतांची हीच उणीव आहे की, शेवट ठाऊक असला म्हणजे त्यांना कोणताही आरंभ पुरतो.

मला सर्वांत पटतो तो ऑलपोर्टनेच १९३७ साली मांडलेला, पण आज काहीसा मागे पडलेला विचार. त्याने त्याला प्रेरणेची कार्यात्मक स्वायत्तता असे म्हटले. पोटासाठी समुद्रावर गेलेला खलाशी पैसा साठवून निवृत्त झाल्यावरही समुद्रासाठी झुरतो; ज्या गरजेने तो प्रथम गलबतावर चढला ती केव्हाच भागलेली असते, परंतु समुद्राची ओढ आता स्वतःच्या बळावर जगत असते. प्रेरणेचा उगम आणि तिचे चालू बळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि उगम शोधून काढला म्हणजे प्रेरणा समजली असे मानणे हा भ्रम आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. आनंदीबाईंचा अभ्यास नवव्या-दहाव्या वर्षी सर्वस्वी परक्या हुकमाने सुरू झाला. पुस्तक बाजूला ठेवून स्वयंपाकघरात रमलेली बायको पाहून गोपाळरावांचा संताप अनावर होई. परंतु २४ फेब्रुवारी १८८३ रोजी कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर येथे इंग्रजीत व्याख्यान देऊन, आपण अमेरिकेला का जातो, एकट्या का जातो, बहिष्काराचे भय का बाळगत नाही, या शंकांना ज्या एकेक उत्तरे देत होत्या, आणि हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन असे सांगत होत्या, त्या बाईंची भाषा कोणाच्या आज्ञेखाली वागणाऱ्या व्यक्तीची राहिली नव्हती. ज्या हट्टाने त्यांना ढकलले तो आता त्यांच्या मालकीचा झाला होता, आणि मूळ मालकावरही उलटण्याइतका समर्थ झाला होता.

याचा लेखी पुरावा आहे. अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी, लहानपणी पतीने आपल्याला मारलेल्या लाकडांची, आपल्यावर फेकलेल्या खुर्च्यांची, पुस्तकांची आणि सोडून जाण्याच्या धमक्यांची वर्षवार आठवण दिली आहे. आपल्या आयुष्यावर त्या वागणुकीचे इष्ट आणि अनिष्ट दोन्ही परिणाम झाले, ती चांगली होती की वाईट याचा निवाडा करणे अवघड आहे, असे त्या लिहितात. तक्रार आहे आणि फारकत नाही. कृतज्ञता आहे आणि शरणागती नाही. पाच गुणांच्या कोष्टकात हे पत्र कोणत्या घरात भरावे, ते मला सांगता येणार नाही.

आनुवंशिकतेचा प्रश्न निघतोच, म्हणून एवढेच सांगतो: जुळ्यांच्या अभ्यासांतून माणसामाणसांतील स्वभावभेदांपैकी जवळजवळ निम्मा वाटा आनुवंशिक दिसून येतो. पण हा आकडा समूहातील भेदांचा आहे; एका माणसाचा अर्धा स्वभाव वडिलांकडून आला आणि अर्धा शाळेकडून, असा त्याचा अर्थ नव्हे, आणि जन्मपत्रिकेऐवजी आता तो आकडा वापरू पाहणाऱ्यांना हे पुनःपुन्हा सांगावे लागते.

ऑलपोर्टने १९६५ साली ‘जेनी’ या टोपणनावाच्या एका मातेची, सुमारे अकरा वर्षांत लिहिलेली ३०१ पत्रे प्रसिद्ध केली. ती वाचून छत्तीस जणांनी तिला १९८ विशेषणे बहाल केली. त्यांतून आठ गुणगट निघाले. त्याच पत्रांचा फ्रॉइडच्या अंगाने आणि अस्तित्ववादाच्या अंगानेही त्याने विचार केला, आणि कोणताही एक अर्थ दुसऱ्याला बरखास्त करीत नाही असे सुचविले. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, अजून बावीस वर्षे पुरी झालेली नसताना, पुण्यात क्षयाने गेल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील जागा त्यांची वाट पाहत राहिली. त्यांची पत्रे, कॅरोलाइन डॉल आणि काशीबाई कानिटकर यांनी लिहिलेली चरित्रे, हे दफ्तर आपल्यापुढे खुले आहे. कल्याण-डोंबिवलीच्या महाविद्यालयांत मानसशास्त्र शिकणारे विद्यार्थी दरवर्षी प्रात्यक्षिकासाठी परदेशी प्रश्नावल्या भरून घेतात. त्यांतील छत्तीस जणांना एका सत्रासाठी ही पत्रे वाचावयास द्यावीत, प्रत्येकाने आपली विशेषणे स्वतंत्रपणे लिहावीत, कल्याणच्या आनंदीसाठी एक यादी आणि फिलाडेल्फियाच्या आनंदीबाईंसाठी दुसरी, आणि दोन याद्यांत कोणते शब्द उरतात व कोणते गळतात ते पाहावे, अशी माझी त्यांच्या प्राध्यापकांना विनंती आहे. ‘हट्टी’ हा शब्द दोन्हींत राहील असा माझा कयास आहे; पण पहिल्या यादीत तो कोणाच्या नावापुढे पडतो, याविषयी मला उत्सुकता आहे.