स्वागत, आणि थोडं साखरेविषयी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर आणि राज्यभरातून आलेल्या बालरोगतज्ज्ञ मित्रमैत्रिणींनो, स्वागत समितीच्या वतीने पुण्यात आपलं मनापासून स्वागत.

स्थूल मुलांच्या यकृतातली चरबी हा विषय पुण्याला परका नाही. जन्मतः किरकोळ दिसणारं आपलं बाळ अंगात चरबी मात्र राखून असतं, हे इथल्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनीच जगाला दाखवलं.

यकृताची तक्रार घेऊन मूल येतच नाही. आई आणते ते मानेच्या काळेपणासाठी. ‘‘डॉक्टर, उटणं लावलं, घासून घासून दमले, जात नाही.’’ तो मळ नसतोच. बहुधा इन्सुलिन दाद देईनासं झाल्याची ती खूण असते. मग तपासणीत एसजीपीटी ३८ येतं, लॅबने मर्यादा ४० छापलेली असते आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ म्हणून फायलीत जातो. बालपोटविकारतज्ज्ञांच्या २०१७ सालच्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत ही मर्यादा मुलग्यांसाठी २६ आणि मुलींसाठी २२ आहे. छापील आकड्यावर विसंबून आपण किती मुलं घरी पाठवली असतील, कोण जाणे.

बरं, निदान झालं तरी लिहून काय द्यायचं? लिव्हर टॉनिकच्या गोड बाटलीवर माझा तरी विश्वास नाही. २०१९ साली अमेरिकेत एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. यकृतात चरबी असलेल्या किशोरवयीन मुलग्यांची वरून घातलेली साखर आणि फळांचे रस आठ आठवडे जवळजवळ बंद केले. यकृतातली चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ वर आली; नेहमीचं खाणाऱ्यांची २१ वरून २० वर. मला त्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की जेवण एकट्या मुलाचं नव्हे, अख्ख्या घराचं बदललं होतं. आपल्याकडे पथ्य एकट्या बंड्याला, आणि त्याच्यासमोर बाबा जिलेबी खाणार! आजी-आजोबांना केबिनमध्ये बोलावल्याशिवाय हे जमायचं नाही. याच मुद्द्यावर दुपारच्या सत्रात आहारतज्ज्ञ बोलतील. त्यांना आडवेतिडवे प्रश्न विचारा.

व्यवस्थेबद्दल एवढंच: चहा बिनसाखरेचा आहे, साखर बाजूला ठेवली आहे. जेवणात गोड पदार्थ नाही. यावरून केटररशी आमचा बराच वाद झाला, तेव्हा तक्रार त्याच्याकडे नव्हे, माझ्याकडे करा. आता उद्घाटनासाठी अध्यक्षांना पाचारण करतो.