विडंबनचित्राला कायद्यात घर हवं

चित्राच्या विडंबनावर आपल्याकडे कोणतं कलम लागेल, याचा नेम नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत अटक झाली. राजमुद्रेतल्या सिंहांच्या जागी त्यांनी लांडगे काढले होते, खाली ‘भ्रष्टमेव जयते’. राजमुद्रा ज्यावरून घेतली ते सारनाथचं शिल्प अशोककालीन, तिथे कॉपीराइटचा संबंधच नव्हता. लागलं ते थेट राजद्रोहाचं कलम. सरकारने ते नंतर मागे घेतलं आणि २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा कलमाच्या वापराला मर्यादा घातल्या.

मूळ चित्र अलीकडचं असेल, तर मात्र १९५७चा कॉपीराइट कायदा आडवा येतो. चित्रकार गेल्यानंतरही साठ वर्षं हक्क टिकतो. दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०३१ अखेरपर्यंत आहे. आर. के. लक्ष्मण २०१५ मध्ये गेले, म्हणजे तिथे २०७५ संपावं लागेल.

समजा, केळीचे भाव कोसळले म्हणून अर्धापुरातल्या एखाद्या पोराने लक्ष्मणांचा कॉमन मॅन उचलून केळीच्या बागेत उभा केला. राग खरा आहे, पण चित्र उसनं. टीका व्यापाऱ्यावर आहे, लक्ष्मणांच्या चित्रावर नाही. त्याची बाजू लंगडी पडेल. तोच पोरगा चित्रातून कॉमन मॅनलाच म्हणाला, ‘चौकड्याचा कोट घालून तू इतकी वर्षं नुसता बघत राहिलास, आता तरी तोंड उघड’, तर टीका त्या चित्रावरच झाली. कलम ५२ टीकेसाठी केलेल्या रास्त वापराला मोकळीक देतं.

अमेरिकेतलं एक प्रकरण या बाबतीत मला फार बोलकं वाटतं. १९९१ मध्ये ॲनी लीबोविट्झ यांनी गरोदर डेमी मूरचं छायाचित्र काढलं. पुढे एका विनोदी सिनेमाच्या जाहिरातीसाठी पॅरामाउंटने दुसऱ्या गरोदर स्त्रीला तसंच उभं केलं. हातांची ठेवण तीच, प्रकाश तोच. फक्त धडावर लेस्ली नील्सन या नटाचा मिस्कील चेहरा. १९९८ मध्ये न्यायालयाने हा वापर रास्त ठरवला, कारण त्या मिस्कील चेहऱ्याने मूळ चित्राच्या गंभीरपणावरच बोट ठेवलं होतं. शिल्पकार जेफ कून्स मात्र तिथेच १९९२ मध्ये हरला होता. कुत्र्याच्या पिल्लांच्या छायाचित्रावरून त्याने शिल्प केलं आणि ‘मी समाजावर टीका करतोय’ असं सांगितलं. त्यासाठी हेच छायाचित्र कशाला, हा न्यायालयाचा सवाल होता.

आपल्याकडे केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सिविक चंद्रन यांच्या प्रति-नाटकाला, म्हणजे मूळ नाटकावर टीका करणाऱ्या नाटकाला, आधार दिला. किती घेतलं, कशासाठी घेतलं, मूळ कृतीच्या धंद्याशी स्पर्धा होते का, हे तिथे तपासलं गेलं. निकाल नाटकाचा असला, तरी चित्रालाही हेच निकष लावता येतात.

पण कलम ५२ मध्ये विडंबनाचा उल्लेखच नाही. ब्रिटनने २०१४ मध्ये तो आपल्या कायद्यात घातला. आपल्या संसदेनेही घालावा. सत्ताधाऱ्याच्या पोस्टरवर मिशी काढणाऱ्या पोराला वकील परवडत नाही. त्याला कलमात नाव घेऊन दिलेली मोकळीकच उपयोगी पडते.