ओझं देवावर, हात कामाला



दुष्काळात आई-वडील गेले. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा पटकीनं गेला. पदरी तान्ही लेक. अशा होत्या पंडिता रमाबाई.

१८८३ साली त्या ख्रिस्ती झाल्या. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली-बाया त्यांनी आणल्या. इतक्या तोंडांना रोज घालायचं काय? त्या देवापुढं गुडघे टेकायच्या, आणि उठून केडगावच्या शेतीच्या, विहिरींच्या कामाला लागायच्या. १९२१ साली मनोरमा, एकुलती लेक, गेली. तरी बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी सोडलं नाही.

बायांनो, सोसवेनासं झालं की देवापुढं मोकळेपणी रडा. मग डोळे पुसून गटातल्या मैत्रिणीला सांगा. देवाची मदत पुष्कळदा माणसाच्याच हातून येते.